सोड्यात धुतलेली मच्छरदाणी

१४ जुलै
देगलूरहून मच्छरदाण्या आल्या. गावात गरोदर बाया तीन, मच्छरदाण्या दोन. मीराला सहावा महिना, मागं एकदा पोट पडलेलं, म्हणून पहिली तिला. सासू कौसाबाई वसरीत बसलेली. "तिथंच ठेव वट्ट्यावर." हातात घेतली न्हाई. सांगितलं, काकू, हिला औषध लावलेलं हाय. धुवायची न्हाई. एक दिवस सावलीत पसरा, मग मीरा निजते त्या बाजेला बांधा. "हाव, हाव."
आठ वर्षं आशाचं काम करून राहिले. त्या घरात पाणी अजून वरून, ओंजळीत. हे लिहायचं नव्हतं.

१६ जुलै
नळाला जाताना दिसलं. मच्छरदाणी तारेवर, भर उन्हात. खाली घंगाळात सोड्याचं पांढरं पाणी. कौसाबाई माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. काय विचारायचं? पिशवीसुद्धा न फोडलेली कोरी वस्तू कशासाठी धुतली, मला ठाऊक. तिलाही. पुढं निघून आले.

१७ जुलै
ह्यांना सांगितलं. "जाऊन सांग की, औषध धुवून गेलं म्हणून."
म्हणलं, त्या म्हणतील, कुणाच्या हातची आली होती.
"म्हणू दे."
ह्यांना बोलायला काय. रोज त्या दारात मला उभं राहायचंय. गेले न्हाई.

२ ऑगस्ट
मीरा पिठाच्या गिरणीत भेटली. हळूच म्हणाली, "ताई, रगडून रगडून फाटली ती. आत्याबाईनं करडांवर टाकली." शेळीची करडं जाळीत, पोरगी उघड्यावर. दुसरी मिळते का म्हणून आरोग्य केंद्रात विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एकीला एकच. नोंद झालीय ना?" झालीय. माझ्याच अक्षरात.
मीराला सांगितलं, अंगभर कपडे घाल, संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर कर. सांगतानाच लाज वाटली.

१९ ऑगस्ट
सकाळीच कौसाबाई आमच्या वस्तीपर्यंत आली. रस्त्यावरूनच हाक. मीराला हुडहुडी, दोन गोधड्या घालूनही थांबेना. बोट टोचून तपासलं. मलेरिया. मीराचं बोट माझ्या हातात, घरातली सगळी भोवती. आज कुणी काही म्हणलं न्हाई.
केंद्रावर नेलं. गोळ्या सुरू. रक्त लई कमी. नांदेडला न्या म्हणले.

२१ ऑगस्ट
नांदेड, सरकारी दवाखाना. सातव्यातच कळा आल्या. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवलीय, माझ्या पंजाएवढी पाठ. मीराला रक्त लावलं.
बाहेर बाकावर कौसाबाईनं माझी बाटली उचलली, तोंड लावून प्याली. "संपलं गं. अजून आण." आणलं. इथं चाललं. तिथं मच्छरदाणी चालली न्हाई. हे तिच्या तोंडावर म्हणायला पायजे होतं.

२३ ऑगस्ट
मीरा थोडी सावरली. सासू चहाला गेल्यावर म्हणाली, "तुम्ही बघितलं होतं ना ताई, तारेवर? मी आतून बघत होते. वाटलं, आता बोलतील."
मी तिचं पांघरूण नीट केलं.
"मी सून हाय. मला बोलता येत न्हाई. तुम्ही तर सरकारच्या."
सरकारची. घरी येताना एस.टी.त तेच डोक्यात. कौसाबाईवर चिडायला बसले की मध्येच आतून बघणारी मीरा दिसते.

२७ ऑगस्ट
मॅडम मीराच्या मलेरियाचा फॉर्म घेऊन आल्या. मच्छरदाणी वापरात होती का?
न्हाई.
"कारण?"
धुतली, फाटली.
"का धुतली?"
त्या माझ्याकडं बघून राहिल्या. त्यांना समजलं असावं. मग म्हणाल्या, "वंदना, हे लिहिलंस तर तूच नीट समजावलं न्हाई असं निघेल. वापरात होती, लिहून टाक."
उद्या देते म्हणलं.

३० ऑगस्ट
नांदेडहून आज फोन न्हाई. काल पोरगी नळीनं दूध घेत होती म्हणे.
फॉर्म समोर. मॅडमचे दोन फोन येऊन गेले, उचलले न्हाईत. 'कारण' पुढं पेन्सिलनं लिहिलं: आमच्या हातची म्हणून सोड्यात धुतली. खाली अजून एक ओळ: मी पाहिलं, बोलले न्हाई.
पहिली ओळ ठेवायची तर दुसरीही ठेवावी लागते. पेन घेऊन बसलेय.