आजोबांचा पुढचा डावा पाय

रविवार, १४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला गेला, त्यामुळे बडबड वाढली आहे.

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे "तसं नव्हतंच गं" म्हणायला तुला जागा राहणार नाही.

१. तुझी पागा बंद होते आहे. तरुण घोडे विकले गेले. शिकायला येणारी मुलं ज्याला आजोबा म्हणतात, तो एकोणीस वर्षांचा घोडा राहिला.

२. पहिलाच घोडा घ्यायचा तर तो म्हातारा घ्यावा का, असं मी तुला सरळ विचारलं. तू म्हणालीस, "तरुण घोड्याला तू शिकवायचं. हा तुलाच शिकवेल. तब्येत ठणठणीत."

३. सहा तारखेला, शनिवारी, मी त्याच्यावर बसून पाहिलं. टेकडी चढून आलो. चाल एकसारखी होती, म्हणून घेते म्हणाले; पैसे तेवढे द्यायचे राहिले.

४. सोमवारी तुझं हेल्मेट परत द्यायला न कळवता आले. तो पुढचा डावा पाय जमिनीला टेकवत नव्हता.

५. मी विचारलं. तू हसलीस.

हसलीस आणि वर म्हणालीस, "अगं, शनिवारी दाण्यात दुखण्यावरची पूड घातली चिमूटभर. चारचौघांत जाताना माणसं केसांना कलप नाही का लावत?"

कलप लावल्यावर माणसाला टेकडी चढायला लावत नाहीत, आत्या.

मी कारखान्यात दिवसभर पंपांची आणि पंख्यांची कंपनं तपासते. बेअरिंग बिघडायला लागलं की ते आधी आवाजातून सांगतं, मग आम्ही यंत्र थांबवतो. यंत्र विकायचं आहे म्हणून कुणी तो आवाज दाबला, तर त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेत नाहीत. तू मात्र मला चहा विचारलास.

बाबांना सांगितलं. ते तुझेच भाऊ. म्हणाले, "घोडा विकणारा कधी खरं बोलतो का? दात बघायचे होतेस!" दात मी पाहिले होते. दातांत काही खोट नाही. बाबांना मी एवढंच म्हटलं, की घोडा अनोळखी माणसाकडून घेत नव्हते.

मी निघताना तू फाटकापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "खरं सांगितलं असतं तर तू घेतलाच नसतास. तुझ्या हातात कायम फूटपट्टी." हे वाक्य आठवडाभर माझ्यासोबत कामावर येतं आहे. कदाचित नसताही घेतला. मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही, कारण ते ठरवायची वेळ तू माझ्यावर येऊच दिली नाहीस. माझ्या वतीने नाही तूच म्हणालीस आणि मग त्याचं खापर माझ्यावर फोडलंस.

वाचून पाहिलं. वर लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण मला राग त्याचा नाही.

टेकडीच्या निम्म्यावर आजोबा थांबले होते. हे मी तुला सांगितलं नव्हतं. घोडा अडला तर आपण डगमगायचं नाही, हे तूच शिकवलंस, म्हणून मी टाच मारली. कान मागे करून ते क्षणभर उभे राहिले आणि चढले. त्यांना दुखत नव्हतं म्हणून चढले. दुखत नव्हतं, कारण तू दुखू दिलं नव्हतंस. सोमवारी मी जो पाय पाहिला, त्यात माझी टाच आहे. ती तू माझ्याकडून मारून घेतलीस.

बुधवारी तू बाजारात गेली होतीस तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले होते. चोरून नाही, तुझ्या शेजारणीला सांगून. सांधा झिजला आहे. सपाटीवर चालणं चालेल, कधीतरी हलकी दुडकी. चढ नाही, उड्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "बाई, यावर स्पर्धा जिंकणार असाल तर विसरा." मला अजून लगाम दोन्ही हातांत सारखा धरता येत नाही. सपाटीवर चालणारा घोडा मला पुष्कळ झाला.

कारखान्यामागच्या एका शेतकऱ्याशी बोलले आहे. त्याच्याकडे गोठ्याला लागून रिकामी जागा आहे आणि पुढे सपाट कुरण. हे या पत्रात लिहायचं नव्हतं.

शेजारीण म्हणाली, येत्या १९ तारखेला, शुक्रवारी, दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. तो माणूस सहलीला आलेल्यांना घोड्यावर बसवून टेकडीवर नेतो. त्याच्यासमोरही चिमूटभर घालणार आहेस का? त्याच्याकडे गेल्यावर आजोबा निम्म्यावर थांबले, तर तो टाचेवर भागवणार नाही.

मला चार गोष्टी सांग. पाय केव्हापासून दुखतो आहे. पूड किती देतेस आणि किती वेळा. ते कधी पडले होते का. आणि त्या माणसाला तू नाही म्हणशील का. उत्तरं कशीही असली तरी चालतील, फक्त खरी हवीत. त्यावरून मी ठरवीन, आणि या वेळी मीच ठरवीन.

फोन करू नकोस. फोनवर तू हसतेस आणि मग मीही हसते.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत लिहून कळव.

तुझी भाची