नववी पोस्ट

लीड्स,
रविवार, १८ मे

प्रिय सुमैरा,

सलाम. तू आणि तुझ्या घरची मंडळी खुशाल असाल असं धरून चालते. ग्लासगोचा तुझा पत्ता तुझ्या अब्बांनी दिला. का दिला ते पुढे लिहिते. आत्ताच लिहिलं तर तू पत्र इथेच फाडून टाकशील.

मी ठीक आहे, म्हणजे हातीपायी धड आहे. आईचा गुडघा बदलला. आता ती पूर्वीपेक्षा जोरात चालते आणि पूर्वीपेक्षा जोरात बोलते. दोन आठवडे मी तिच्याकडेच मुक्काम ठोकून आहे, कारण माझ्या दाराशी फोटोवाले उभे असतात. फोनवरून कुणाला एक अक्षर लिहायचं नाही, अशी वकिलीणबाईंची सक्त ताकीद आहे. ही बाई अकरा वर्षांपूर्वी भेटायला हवी होती. म्हणून हे कागदावर. अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायांचं आहे, सांभाळून घे.

बातमी तुझ्यापर्यंत आली असेलच. इंग्लंडच्या क्रिकेट संघात माझं नाव सकाळी जाहीर झालं आणि दुपारपर्यंत कुणीतरी माझ्या जुन्या पोस्ट खणून काढल्या. एकूण आठ, सगळ्या सतरा-अठराव्या वर्षीच्या. पोलंडहून आलेल्या कामगारांवर एक, मशिदीवर दोन, आपल्याच संघातल्या त्या दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं म्हणून त्यांच्यावर तीन, आणि बाकीच्या दोन नुसत्याच घाणेरड्या. आई चहा पिता पिता पेपरातून मोठ्याने वाचत होती. तिसरीला थांबली, चष्मा काढला आणि भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

इंग्लंडच्या संघातून काढलं. काउंटीच्या संघाने निलंबित केलं. बॅटवाल्यांनी करार मोडला. येत्या गुरुवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे उभं राहायचंय, त्यात बंदी किती ते ठरेल. अठ्ठावीस वर्षांच्या विकेटकीपरला दोन वर्षं बाहेर बसवलं की ती परत येत नाही, हे तुला मी काय सांगू!

खोटं कशाला लिहू, पहिले तीन-चार दिवस मला स्वतःची कीवच येत होती. तेव्हा सगळेच असलं लिहायचे, मी काय एकटी होते का, अशी दिवसभर आईच्या कानाशी भुणभुण. शेवटी ती म्हणाली, ‘टॅम्सिन, सगळे लिहायचे तर सगळ्यांची लाज वाटू दे. आधी स्वतःची वाटू दे.’

मग तुझ्या अब्बांचं पत्र आलं.

माझ्यासाठी शब्द टाकायला मी कुणाला सांगितलं नव्हतं गं. त्यांनी आपणहून वकिलीणबाईंचा पत्ता शोधला. बॅटलीच्या त्यांच्या पलंगांच्या कारखान्याचा छापील कागद, त्यावर निळ्या शाईने लिहिलेलं. ‘ही मुलगी माझ्या घरी जेवली आहे. माझी सुमैरा गोलंदाजी करायची तेव्हा तिचा प्रत्येक चेंडू हिलाच कळायचा. हिच्या मनात आमच्याबद्दल विष असतं तर मला ते दिसलं असतं. पोरसवदा वयातल्या मूर्खपणाला माफी मिळावी.’ वकिलीणबाई हरखून गेल्या. म्हणाल्या, आपल्या सगळ्या कागदांत हा एकच कागद सोन्याचा आहे, समितीपुढे सगळ्यात आधी हाच वाचायचा.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. का ते आठवत असेल तर आता दोघींनाच. तुला आणि मला.

तो जुलै. कुमारी गटाचा उपान्त्य सामना, आपल्या मैदानावर. रमजान चालू होता, पहाटे तीनला खाल्लेलं तुझं पोट आणि त्यावर दिवसभराचं ऊन. तरी तू बारा षटकं टाकलीस, चार बळी घेतलेस, त्यातले दोन माझ्या हातून यष्टिचीत. सामन्यातल्या चहा-खाण्याची पाळी तुझ्या अम्मींची होती, पण त्या आजारी म्हणून अब्बा आले होते. रोजा असलेला माणूस, पाण्याचा थेंब पोटात नाही, आणि भटारखान्यात उभा राहून चाळीस जणांसाठी अंड्याची सँडविच कापत होता. त्यांच्या सुरीचा आवाज आपल्या कपडे बदलायच्या खोलीत ऐकू येत होता. तू दमून जमिनीवर आडवी झालीस आणि डोकं टेकायला जवळची बॅग ओढलीस. तिथेच झोपलीस.

मी फोटो काढून पोस्ट केला आणि खाली लिहिलं, ‘बॅगेला कुणी हात लावू नका, आत काय असेल सांगता येत नाही.’ बॅग माझी होती. आत माझेच हातमोजे होते. सगळ्या खिदळल्या, एकीने मला टाळीही दिली, आणि मला वाटलं, काय भारी सुचलं आपल्याला.

तासाभराने तुझ्या मावसबहिणीने तुला फोनवर तो दाखवला. तू आरडाओरडा केला नाहीस. ‘काढून टाक,’ एवढंच म्हणालीस. मी काढला आणि वर तुलाच म्हणाले, अगं गंमत होती. त्या एका पोस्टचा माग म्हणूनच पेपरवाल्यांना लागला नाही. तू आणखी दोन सरावांना आलीस, मग परीक्षा आहेत असं कळवलंस, आणि संपलं.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नसेल.

तू येईनाशी झालीस तेव्हा क्लबात एका दिवसात निकाल लागला. बापाने थांबवलं असणार, त्यांच्यात मुलींना खेळू देत नाहीत, बिचारी. ज्या बापाने सीमारेषेवरचे पांढरे साइटस्क्रीन ढकलले, तुला हिवाळ्यात पहाटे सरावाला सोडलं, त्याच्याबद्दल हे. कुणी एकदाही विचारलं नाही. आणि मी तिथे उभी होते. माझ्याकडे बघून कोच म्हणाल्या, तू मैत्रीण ना तिची, खरं ना हे? मी होकाराची मान हलवली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. गेल्या वर्षी रेडिओवर मुलाखत होती. मुली खेळ का सोडतात, असा विषय. मी मोठ्या कळवळ्याने सांगितलं की माझी एक मैत्रीण होती, माझ्याहून दसपट गुणी, पण तिच्या घरच्यांनी तिला खेळू दिलं नाही. तुझं नाव घेतलं नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंचे डोळे भरून आले. सुमैरा, ते बोलताना मला ते खरं वाटत होतं. अकरा वर्षं तेच सांगून सांगून मी तो फोटो जवळजवळ विसरून गेले होते.

मी वकिलीणबाईंना म्हणाले, आठ नाहीत, नऊ आहेत, आणि हे पत्र वापरायचं नाही. त्या खुर्चीतून उठल्याच. ‘नववी कुणाला सापडली आहे का? नाही ना? मग तू स्वतःच्या हाताने का खड्डा खणतेस?’ बराच वेळ समजावत होत्या. त्यांचं काम त्या चोख करतात, त्यांना दोष नाही. मी पत्र मागून घेतलं आणि शुक्रवारी दुपारी बॅटलीला गेले.

अब्बा आता थोडे वाकलेत, पण गादीला कापड ठोकायचं यंत्र अजून स्वतःच चालवतात. मला बघून खूश झाले. माणसाला दुकानातून समोसे आणायला पाठवलं, तुझ्या मुलीचे फोटो दाखवले. मला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर हे समोसे खाऊन मी घरी जाईन आणि गुरुवारी ते पत्र वाचलं जाईल. म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. फोटो, बॅग, खालचं वाक्य, क्लबात हलवलेली मान, सगळं.

त्यांनी यंत्र बंद केलं. कापडावरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘रेडिओवरचं तुझं बोलणं मी ऐकलं होतं. नाव नव्हतं, पण मला कळलं. मला वाटलं, पोरगी बरोबर बोलतेय. मीच सुमैराच्या मागे परीक्षेचं टुमणं लावलं होतं. माझ्यामुळेच तिचा खेळ सुटला.’

मी म्हणाले, नाही, तुमच्यामुळे नाही.

‘अकरा वर्षं मी तिच्यापुढे क्रिकेटचं नाव काढत नाही,’ ते म्हणाले. ‘घरी मॅच लावत नाही. तिला त्रास होईल म्हणून.’

मग हात पुढे केला. ‘माझं पत्र दे.’

मी दिलं. त्यांनी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि ते त्यांना कळत असावं. समोसे आले ते तसेच राहिले. निघताना त्यांनी पाठकोऱ्या पावतीवर तुझा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, ‘मी तिला एवढ्यात फोन करणार नाही. तिला काय विचारायचं तेच मला कळत नाही. तू आधी लिही. तिला माझ्याकडून कळायला नको की मला कळलंय.’

म्हणून हे पत्र. तू त्यांच्यापासून हे लपवलंस ते त्यांचं मन राखायला, की लाजेने, की मला वाचवायला, मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्कही नाही. पण तुझी गोष्ट तुला न विचारता मी त्यांना सांगून टाकली. पुन्हा तेच केलं मी, नाही का? तू झोपलेली असताना फोटो काढला, आणि आता तू ग्लासगोला असताना हे. त्यांच्या सहीचं खोटं ठरणारं पत्र समितीपुढे वाचू द्यायचं नव्हतं, एवढंच माझं कारण. ते पुरेसं आहे की नाही ते तू ठरव.

गुरुवारी नववी पोस्ट मीच वाचून दाखवणार आहे. क्लबाने काय ठरवलं आणि मी कशी मान हलवली तेही. वकिलीणबाई म्हणतात, याने बंदी दुप्पट होईल. होऊ दे. तुझं नाव मी घेणार नाही. घ्यावं असं तुला वाटलं तरच घेईन. मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

पण अब्बांना फोन कर. ते वाट बघत नाहीत असं दाखवतील. यंत्र चालू ठेवून बोलतील, ऐकू येत नाही म्हणतील. तरी कर. तुझा खेळ त्यांच्यामुळे सुटला नाही, हे मी सांगून त्यांना पटलं नाही. माझ्या तोंडून ते का पटावं त्यांना? ते तुझ्याकडूनच ऐकायचंय त्यांना.

तुझी म्हणायची सोय मी ठेवली नाही, म्हणून नुसतीच,

टॅम्सिन