रस्ता बंद होता

सांता क्रूझ,
२४ फेब्रुवारी

ति. ओतिलियाताईस,
धाकट्या देल्फिनाचा नमस्कार, वि. वि.

राखेचा बुधवार परवा झाला आणि कपाळावरची राख पुसली जायच्या आत मी एक उद्योग करून बसले आहे. मी ऑनलाइन साधनेला नाव घातलंय. हस. पोटभर हसून झालं की पुढे वाच.

उपवासकाळाचे सहा आठवडे, दर गुरुवारी संध्याकाळी पाचला, मोबाइलच्या पडद्यावर. कोचाबाम्बाच्या मठातून मदर ग्रिसेल्दा चालवतात. आम्ही अकराजणी, त्यातल्या दोघी थेट पराग्वेच्या. आणि अट अशी की साधना सोडून बाकी पडद्याचा ईस्टरपर्यंत उपास. फोन नाही, निरोप नाही, फोटो नाहीत. म्हणून हे पत्र बसवाल्या एलोयभाऊंच्या गाडीतून पाठवतेय. तुझं उत्तरही त्यांच्याकडेच दे, ते रोज तुझ्या दारावरून तर जातात.

काल पहिल्याच दिवशी मदरनी प्रत्येकीला विचारलं की कशासाठी आलात. मी म्हटलं, नीट प्रार्थना करायला शिकायचंय. खोटं बोलले गं. माझ्या घशात अकरा वर्षं एक काटा अडकलाय. पापनिवेदनातसुद्धा तो कधी बाहेर आला नाही. खरं तर तो तुलाच सांगायचा आहे, आणि तुलाच सांगायची हिंमत होत नाही. बघू या, सहा आठवड्यांत काही होतंय का.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो या वेड्या उद्योगातही टिकू दे.

तुझी,
देल्फिना


वायेग्रांदे,
२८ फेब्रुवारी

चि. देल्फिनास,
ओतिलियाचे आशीर्वाद.

हसले. आता मला सांग, लाइट गेली तर पवित्र आत्मा दारात थांबतो का? गुडघे कुठे टेकता, खुर्चीवर बसूनच सगळं? मेणबत्ती मदरचीच एक, की ज्या त्या घरची वेगळी? कुणी जांभई दिली तर सगळ्यांना दिसते? आणि शेजारणीचा हात धरून शांती द्यायची वेळ आली की काय करता, काचेला हात लावता?

मी चाळीस वर्षं मर्तिकाच्या घरी नऊ-नऊ दिवस जपमाळ सांगते. रडणाऱ्या बाईच्या बाजूला बसायला लागतं, तिचं नाक पुसायला लागतं. ते पडद्यातून कसं होणार, हे मला खरोखर कळून घ्यायचंय. टोमणा नाही हा. बरं, थोडा आहे.

आमचा बिशप मजेत आहे. पोपटाला बिशप म्हणते म्हणून फादर रुसतात, पण तोच माझा एकमेव मदतनीस. मी एकेका संताचं नाव घेऊन क्षणभर थांबले की मेला पिंजऱ्यातून खणखणीत ओरडतो, आमच्यासाठी विनंती कर! परवा सावकाश श्वास घ्यायला थांबले तर तेवढ्यातही ओरडला.

अकरा वर्षं म्हणजे आई गेली तेव्हापासूनचा काटा. मी विचारत नाही. विचारावंसं फार वाटतंय, पण नाही विचारत. एक एप्रिलला चर्चमध्ये तिच्या आठवणीची दर वर्षाची मिस्सा आहे. पुरल्यावर चौथ्या दिवशी आलीस, त्यानंतर तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. या वर्षी तरी बघ. सोबत वाळवलेले पीच दिलेत, एलोयने खाल्ले नसतील तर पोचतील.

तुझी ताई,
ओतिलिया


सांता क्रूझ,
४ मार्च

ति. ताईस,
नमस्कार, वि. वि.

पीच पोचले. चार कमी होते, एलोयभाऊंनी स्वतःच कबूल केलं.

तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. मेणबत्ती ज्या त्या घरची. मदर घंटा वाजवतात, मग एक उतारा वाचतात, मग वीस मिनिटं गप्प. ताई, ही वीस मिनिटं काय असतात म्हणून सांगू! अकरा घरांतली शांतता एकदम ऐकू येते. कुणाकडे नळ गळतो, कुणाची म्हातारी सासू खोकते. जांभई दिसते, मी दिलेली सगळ्यांनी पाहिली. ज्यांना चेहरा दाखवायचा नसतो त्या नुसतं चित्र लावतात, ते चालतं. शांती देताना आपापल्या छातीवर हात ठेवतो. पहिल्यांदा मलाही नाटकी वाटलं. परवा डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी वर्तुळ. जिला बोलायचं ती बोलते, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला नाही, अगं अगं नाही. आणि मदरचा एक नियम फार कडक आहे. वर्तुळात ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, जी बोलली तिच्याजवळसुद्धा पुन्हा विषय काढायचा नाही. तिला हवं असेल तर ती काढेल.

मी अजून तोंड उघडलेलं नाही. मिस्सेचं बघते.

तुझी,
देल्फिना


वायेग्रांदे,
७ मार्च

चि. देल्फिनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. म्हणजे मला त्यात रस आहे असं समजू नकोस. चाळीस वर्षं ज्या धंद्यात काढली त्यात नवीन काय निघालं, एवढं माहीत असावं म्हणून.

मध्येच कुणाला यायचं असेल तर घेतात का? नावनोंदणीला फादरची चिठ्ठी लागते का? नुसतं चित्र लावलं आणि एक शब्दही बोललं नाही तर मदर रागावतात का? शेजारच्या हासिन्ता मास्तरीण म्हणत होत्या की त्यांच्या मोबाइलवर सगळं येतं. मी आपलं सहज विचारलं. गावातल्या बायका उद्या मला विचारतील, तेव्हा सांगता आलं पाहिजे.

पीचच्या झाडांना यंदा कीड नाही. बिशपची पिसं गळताहेत. मिस्सेचं बघते म्हणजे काय, ते येत्या पत्री स्पष्ट लिही.

ओतिलिया


सांता क्रूझ,
१८ मार्च

ति. ताईस,
नमस्कार, वि. वि.

गेल्या दोन गुरुवारांपासून आमच्यात बारावी आली आहे. नाव नाही, नावाच्या जागी नुसती रेघ. चेहरा नाही, एका पीचचं चित्र. बोलत नाही. मदरनी स्वागत केलं तर पीच तसंच शांत.

पण ताई, नऊ तारखेला वीस मिनिटांच्या शांततेत एक गंमत झाली. मदरनी उगीच एक सुस्कारा सोडला आणि त्या पीचमधून कुणीतरी खणखणीत ओरडलं, आमच्यासाठी विनंती कर! पराग्वेच्या दोघींनी हसू आवरायला चेहरा झाकला. पीचवाल्या बाईंना आवाज बंद कसा करतात ते ठाऊक नसावं. बोलिव्हियात पोपट पुष्कळ आहेत म्हणा.

परवाचा उतारा दोन बहिणींचा होता. भाऊ आजारी, निरोप धाडलेला, आणि येशू येतो तो भावाला पुरून चार दिवस झाल्यावर. मोठी बहीण रस्त्यावर जाऊन त्याला तोंडावर सांगते की तू असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग वर्तुळात मी हात वर केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलले, सगळं, नाव-गाव-तारखेसकट. बोलताना त्या पीचकडेच बघत होते. पोपटसुद्धा गप्प होता.

तेव्हापासून जेवण जात नाही. उत्तर लवकर लिही, ताई. काहीही लिही, शिव्या लिही.

तुझी,
देल्फिना


वायेग्रांदे,
२२ मार्च

चि. देल्फिनास,
आशीर्वाद.

पोपट पुष्कळ आहेत हे तुझं बरोबर आहे. माझ्यावर आता गुरुवारी फडकं टाकलेलं असतं, म्हणजे माझ्या पोपटावर.

मदरचा नियम चांगला आहे. मी आयुष्यभर लोकांच्या दुःखाच्या घरी बसले, तिथे ऐकलेलं उंबऱ्याबाहेर नेलं नाही. जिने कुणी ते ऐकलं असेल, ती बाई त्याबद्दल एक अक्षर काढणार नाही. तिला कितीही काढावंसं वाटलं तरी. तिची झोप उडाली असेल तरी.

पण कागदाला असा नियम कुणी घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कागदावर जे माझ्या नावाने येईल, ते माझं.

जेवत जा.

ओतिलिया


सांता क्रूझ,
२५ मार्च

ताई,

नमस्काराला हात उचलत नाही, तो गृहीत धर.

आईचं आता काही खरं नाही, असा तुझा निरोप आला तेव्हा मी तासाभरात बस स्थानकावर होते. तिकीट हातात होतं, पिशवी भरलेली होती. एलोयभाऊंची गाडी समोर लागली, माणसं चढली, आणि मी बाकावरून उठलेच नाही. गाडी सुटताना बघत राहिले. मला आईला मरताना बघायचं नव्हतं. एवढंच. दुसरं काही कारण नाही. मग दुपारी तुला फोन करून सांगितलं की रस्ता बंद आहे, आंदोलनवाल्यांनी झाडं आडवी टाकलीत. आपल्या देशात यावर कोण शंका घेतं? महिन्याला एक रस्ता बंद असतोच.

रस्ता बंद नव्हता, ताई. मी बंद होते.

प्रत्येक मिस्सेला काहीतरी निमित्त काढलं ते यासाठी. त्या घरात आले की तू माझ्याकडे बघशील, आणि मला परत तेच खोटं बोलावं लागेल. आता तू काय म्हणशील ते म्हण. ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर तेही मला कळेल.

देल्फिना


वायेग्रांदे,
२८ मार्च

चि. देल्फिनास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

मला त्या दिवशी दुपारी सव्वाचारलाच कळलं होतं. तू फोन ठेवलास आणि थोड्या वेळाने एलोय दारात उभा. टोपी हातात, आईसाठी पाव घेऊन, त्या कशा आहेत विचारायला. गाडी त्या झाडांवरून उडवून आणलीस का, असं त्याला विचारणार होते. नाही विचारलं. त्यालाही नाही, तुलाही नाही. पण राग धरला. लोकांच्या घरी जाऊन क्षमेच्या प्रार्थना सांगत होते आणि पोटात हा राग घेऊन बसत होते, अकरा वर्षं. तुझ्या साधनेत मी मजा बघायला आले होते आणि हे घेऊन बसले. मला कुठे जांभई द्यायची सोय राहिली!

आता माझं ऐक. आई झोपेत गेली असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे.

सकाळपासून ती विचारत होती, देल्फिना आली का. मी तिला सांगितलं, रस्ता बंद आहे. तुझा फोन यायच्या आधी, स्वतःच्या मनाने. मग तू फोनवर शब्दाला शब्द तेच बोललीस. संध्याकाळी तिची नजर पूर्ण गेली, तरी विचारणं थांबेना. तेव्हा मी न्हाणीत गेले, तू पाठवलेल्या त्या वासाच्या साबणाने हात धुतले, परत येऊन तिचा हात धरला आणि तुझ्यासारखा बारीक आवाज काढून म्हटलं की आई, मी देल्फिना. तिने हात घट्ट धरला. म्हणाली की ओतिलिया, ही उपाशी असेल, हिला वाढ. मी माझ्या आवाजात हो म्हटलं. उठले, सूप वाढलं, ताट तिच्या पलंगापाशी ठेवलं, आणि पुन्हा तुझ्या आवाजात म्हटलं की छान झालंय.

मग तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, भित्री गं माझी पोर, तरी आलीस. ते तिचे शेवटचे शब्द.

ते शब्द तुझे होते, देल्फिना. तिने तुला म्हणून दिले आणि मी रागाच्या भरात अकरा वर्षं माझ्याजवळ ठेवले. मला ते कुणी कधीच म्हणालं नाही ना, म्हणूनही ठेवले असतील. आज परत करतेय. तिला ठाऊक होतं तू भित्री आहेस, आणि तरी तिने तुझी वाट पाहिली.

शनिवारी दहाला मिस्सा. ये.

तुझी ताई,
ओतिलिया


घाटातून, मातारालच्या अलीकडे,
३१ मार्च, दुपार

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तू विश्वास ठेवणार नाहीस. मीसुद्धा तुझ्या जागी ठेवला नसता. रस्ता बंद आहे.

खरोखरचा बंद आहे गं! पाण्याच्या मागणीसाठी लोकांनी टायर आणि झाडं टाकलीत, आमच्या पुढे नऊ ट्रक उभे. एलोयभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून हसताहेत, वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं होतं. एका आंदोलनवाल्या बाईने मला उकडलेला मका दिला आणि विचारलं की एवढी घाई कसली. मी म्हटलं, अकरा वर्षं उशीर झालाय. तिने फांदी उचलून मला वाट दिली.

पलीकडच्या बाजूला गाड्या मिळतात म्हणे, दीड तास चालायचं. पिशवी काखेत मारली आहे. इथे फोनला रेंज नाही, असती तरी उपास मोडला नसता. दुधाच्या मोटारसायकलवाल्याला सोडताहेत, त्याच्याकडे हे पत्र देते, ते माझ्या आधी पोचेल. बिशपवरचं फडकं काढून ठेव. आणि सूप वाढून ठेव, गार झालं तरी चालेल.

माझ्या शब्दावर आता तू का म्हणून विसंबशील? खाली एलोयभाऊंची सही घेतली आहे.

तुझी भित्री,
देल्फिना

(रस्ता खरंच बंद आहे. ती चालत निघालीय, मी स्वतः बघतोय. — एलोय)