कार्बुरेटर कुणी बिघडवला?

नाम कान, ४ मार्च १९९४

ती. खांगदादास, लुआचा शि. सा. न. वि. वि.

आई आज तुझ्याकडे पोहोचली नाही, आणि त्याला कारण तू आहेस! तिचं बोचकं, बाबांचा फोटो, मुरवलेल्या माशांची बरणी असं सगळं होडीत घालून निघालो. इंजिन एका ओढीत सुरू झालं, कालव्याच्या तोंडाशी आलं आणि विझलं. दोरी ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली. शहराची लाँच आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

बाबांच्या श्राद्धाला पाहुणे जेवत असताना तुला कार्बुरेटर साफ करायला कुणी सांगितलं होतं? जेटमध्ये तार खुपसलीस ना? केसाएवढं भोक ते, मोठं झालं की संपलंच. तिथे फुंकर मारायची असते, साहेब! आता आईला तूच येऊन ने.

लोभ आहेच, राग उतरला की दिसेल.

तुझी लुआ

कान थो, ११ मार्च

चि. लुआस, अनेक आशीर्वाद.

तार घालायला मी काय गाढव आहे? बाबांनी मला हे शिकवलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. जेट पेट्रोलमध्ये बुडवला, फुंकला, उजेडासमोर धरून आरपार पाहिला. पेट्रोलवर तरंगणारा पोकळ फ्लोट कानाशी हलवला, आत थेंब वाजला नाही. तूच कुठलं तरी भेसळीचं पेट्रोल भरतेस आणि खापर माझ्यावर फोडतेस.

इथे आईसाठी खोली रंगवली, पंखा लावला. मी आणि तुझी वहिनी दिवसभर धक्क्यावर ताटकळलो. आई स्वतः हो म्हणाली होती, म्हणून एवढं केलं. कार्बुरेटर खोल, खालच्या वाटीत काय साचलंय ते बघ आणि कळव. माफीचं पत्र वेगळं पाठवलंस तरी चालेल.

रागावलेला, पण तुझाच,
खांगदादा

नाम कान, १९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

खोलला. जेट ठीक आहे, एवढं मान्य करते. माफी मिळणार नाही. वाटीत पेट्रोलखाली पाणी होतं, टाकीच्या तळाशीही. गढूळ, आपल्या कालव्याचंच. मी तडक पेट्रोलवाल्याकडे जाऊन त्याला फैलावर घेतलं. तो माझ्याहून मोठ्याने ओरडला की त्याच पिंपातलं पेट्रोल साऱ्या कालव्याने नेलं, मग एकट्या माझीच होडी कशी अडली. घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. आई भाजी निवडत होती. म्हणाली, त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नकोस, कागद आण.

तिचं पत्र सोबत आहे. मी वाचलं, आता तू वाच. आपल्यावर माया ठेव.

लुआ

चि. खांग, चि. लुआ, दोघांना आशीर्वाद. कान पिळायचे ते भेटीत पिळीन.

टाकीत पाणी मी ओतलं. लुआ न्हायला गेली तेव्हा, कालवणाच्या डावाने. वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत होडी चालेल आणि मग विझेल, हे मला ठाऊक होतं. इंजिन खोलून बसलेल्या तुमच्या बाबांना पाने-पकडी देत जन्म काढलाय मी.

खांगने विचारलं नव्हतं, येतेस ना म्हणून सांगितलं होतं. मी बघू म्हटलं. त्याला तुम्ही होकार धरलात. एकाने भिंती रंगवल्या, दुसरीने बोचकं बांधलं. मी काय भोपळा आहे, या टोपलीतून त्या टोपलीत टाकायला? फार राग आला मला. अजून आहे.

इंजिनाला काय झालं म्हणून तुमची पत्रावर पत्रं गेली. आई, तुला जायचंय का, एवढी एक ओळ कुणाच्या हातून उतरली नाही.

आता विचारा. या खेपेला मी बघू म्हणणार नाही.

तुमची आई