तंबूचा वास

बाबा, गेल्या रविवारी गच्चीवर मी ओरडलो आणि आपला कुत्रा जागच्या जागी बसून तुमच्या तंबूवर मुतला. माझं सगळं बदललं ते त्या क्षणी. तुम्ही गेलात तेव्हा मी लहान होतो, काही नीट कळलंच नाही. कॉलेजात लॅबमधल्या सरांच्या अंगावर धावून गेलो आणि परत तिकडे फिरकलो नाही, तेव्हाही मला आपलंच बरोबर वाटत होतं. या वेळी नाही वाटलं.

निशातगंजची ही गच्ची तुम्ही पाहिलेली नाही. बख्शी का तालाबचं तुमचं सरकारी क्वार्टर सुटलं तेव्हा आईनं बरंच सामान वाटून टाकलं, पण तंबू आणि कुत्रा तेवढे इथे आले. तेव्हाचं ते पिल्लू आता पार म्हातारं झालंय, जिना चढायला त्याला उचलावं लागतं. त्या दिवशी मीच त्याला उचलून वर नेलं होतं. ती आली होती ना, म्हणून. मी गोमती नगरला एका दुकानात ट्रेकिंगचं सामान भाड्यानं देतो, ती तिथे काउंटरला असते. मैत्रिणींबरोबर पहाडात जायचं म्हणाली, तर मी म्हटलं दुकानातला कशाला, माझ्या बाबांचा तंबू घे. पसरून दाखवत होतो. तासभर छान गेला. कुत्रा तिच्या पायाशी झोपला होता. मग ती सहज म्हणाली की त्यांच्या कॉलनीतला एक मुलगाही येतोय ट्रेकला. बस. माझं डोकं फिरलं. "तो उसी के टेंट में सो जाओ ना!" असा ओरडलो की शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं कपडे वाळत घालणं थांबवलं. आणि कुत्रा उठला, कान मागे टाकून खाली दबला, आणि कापडावर पिवळं पसरत गेलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "ये हमेशा ऐसे करता है?"

"बुड्ढा हो गया है, यार."

"बुड्ढा तो तब भी था जब मैं आई थी," ती म्हणाली आणि चपला घालून खाली उतरली. संध्याकाळी मेसेज आला, टेंट धुल जाए तो ले आना. त्याखाली आणखी एक ओळ होती: उसको भी लाना.

त्या दुसऱ्या ओळीनं माझी झोप उडाली आहे, बाबा. तंबू धुता येतो.

तसा तोही आधी मला धड धुता आला नाही. रागाच्या भरात फिनाईल ओतलं. फिनाईल वाळलं आणि त्याच्याखालून तो वास परत वर आला, आणि कुत्रा हुंगत हुंगत तिथेच जाऊन पुन्हा करून आला. आई दारात उभी राहून बघत होती. "मशीनमध्ये घालू का?" मी विचारलं. "घाल, जाऊ दे त्याचा पाणी अडवणारा लेप, आणि मग पावसात त्यातच आंघोळ कर," ती म्हणाली. मी कापड पिळायला घेतलं तशी पुढे आली. "हिसडू नकोस रे. दाब. ते दाबायचे." एवढंच बोलून आत गेली. आणि मला तुमचे हात दिसले.

नैनीतालच्या पुढची ती नदी. तुमच्या युनिटमधली दोन कुटुंबं आणि आपण, पिल्लासकट. आदल्या संध्याकाळी मी चिखलाच्या बुटांनी तंबूत शिरलो म्हणून तुम्ही असे कडाडलात की पलीकडच्या काकांच्या स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी कुणी हललं नाही. रात्री मला शू लागली. बाहेर काळोख, आणि तंबूची चेन उघडायची तर तुमच्या अंगावरून हात न्यायला हवा. काळोखाचं काही नव्हतं. तुम्ही जागे व्हाल याची भीती होती. मी स्लीपिंग बॅगमध्ये तसाच पडून राहिलो, राहता येईल तेवढा. उजाडलं तेव्हा तुम्ही मला उचलून बाहेर काढताय, चड्डी बदलताय, आणि मी डोळे घट्ट मिटून आहे. मग तुम्ही नदीच्या गार पाण्यात उकिडवे बसून बॅग दाबताय, सोडताय, पुन्हा दाबताय. काकांनी विचारलं तर म्हणालात, "पिल्लानं केलं हो, काय करणार." सगळे हसले. काका पिल्लावर बोट रोखून म्हणाले, "नालायक कहीं का!" आणि ते शेपूट हलवत राहिलं. घरी आल्यावर तुम्ही व्हिनेगर पाण्यात घालून बॅग भिजवलीत, खाण्याचा सोडा भुरभुरलात, सावलीत वाळवलीत. वाळल्यावर पुन्हा ओली करून नाक लावलंत. कोरडं कापड खोटं बोलतं, म्हणालात, वास ओल्यालाच येतो.

पुढच्याच आठवड्यात जेवताना तुम्ही आईवर ओरडलात, आणि मी टेबलाखाली पाय आखडून घेतले.

म्हणून विचारतो. मी तुम्हाला का उठवलं नाही, हे तुम्हाला कळलं होतं का? कळूनही ओरडत राहिलात, की कळलंच नव्हतं? यातलं कुठलं खरं निघालं तर मला जास्त भीती वाटेल, ते मला ठरवता येत नाही. धुणं तुमच्याकडून आलं माझ्यात. दुसरंही आलं असेल तर ते कशात भिजवायचं?

मग मी सगळं तुमच्यासारखं केलं. व्हिनेगर घेताना कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "भैया, इतना सिरका? अचार डाल रहे हो क्या?" एरवी त्यालाही काहीतरी ऐकवलं असतं. आज सकाळी तंबूचा तो कोपरा ओला केला. माझ्या नाकावर माझा भरवसा उरलेला नाही, म्हणून आईपुढे धरला. तिनं बराच वेळ हुंगला. "कुत्र्याचं काही नाही आता. थोडं व्हिनेगर आहे, जाईल ते," म्हणाली. मग हळूच, "तिच्याकडे नेतोयस ना? नीट बोल."

कुत्रा पलंगाखाली आहे. मघाशी खुंटीवरचा त्याचा पट्टा काढायला हात वर केला, तर त्यानं मान आत घेतली. बाबा, नुसता हात वर केला होता. मी खाली बसलो, पट्टा जमिनीवर ठेवला आणि हे लिहायला घेतलं. तो थोडा बाहेर आलाय. पुढचे दोन पाय फक्त. तिच्यासमोर त्यानं अशी मान आत घेतली, तर तिला आणखी काही विचारायची गरज पडणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकतो. त्या पहाटे मी जागा होतो. तुम्ही चड्डी बदलताना तुमचे हात किती हळू चालत होते, ते मला कळत होतं, आणि तरीही मी डोळे उघडले नाहीत.

आता तो पट्ट्यापाशी येऊन बसलाय. तंबू खांद्यावर घेतो, त्याला उचलतो. तुम्ही असतात तर बाहेर पडताना हे दार आपटलं असतंत, मीही रोज आपटतो, आणि तो दचकतो. आज कडीवर बोट ठेवून ओढून घेतो.