खालचा थर जिवंत असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
तेलविहिरी विभाग, मध्यवर्ती कार्यालय.

विषय : सोमवारी सिमेंट ओतून विहिरीचा खालचा थर बुजवण्याचा आदेश थांबवण्याबाबत.

संदर्भ : आपला सदर आदेश, आणि त्यावरील माझे अनुत्तरित अर्ज.

महोदय,

सविनय निवेदन की, मी या क्षेत्रावर विहीर-चाचणीचा उपअभियंता आहे. विहीर बंद ठेवायची, आत दाब कसा चढतो ते पाहायचे आणि त्यावरून खालचे थर किती तेल सोडतील याचा अंदाज बांधायचा, हे माझे काम. या विहिरीला दोन थर आहेत. हल्ली तेलाबरोबर पाणी येते. पाणी नेहमी खालूनच येते, या रिवाजाने विश्लेषण कक्षाने खालचा थर दोषी धरला. विहिरीत मोजलेला एकच दाब दोन्ही थरांच्या नावे लावला. पाणी वरच्या थराचे असावे; चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे.

२. विहीर बंद असतानाही, प्रवाह मोजण्यासाठी आत सोडलेली मोजचक्री फिरते. म्हणजे खालच्या थरातले तेल वर चढून वरच्या थकलेल्या थरात शिरते. खालच्याच्या अंगात अजून जोर आहे. कक्षाने कळवले की बंद विहिरीत प्रवाह नसतो, सबब चक्री नादुरुस्त. नवी चक्री आली, तीही फिरली, तीही नादुरुस्त ठरली. तिसरी फिरल्यावर मला वैद्यकीय तपासणीस पाठवण्यात आले. डॉक्टरांनी मला ठणठणीत ठरवले. कक्षाने डॉक्टरांविषयी अद्याप काही कळवलेले नाही.

३. सिमेंट ओतणाऱ्या तुकडीचा मुकादम माझा जावई आहे. तो म्हणतो, "बाबा, तुमचं खरं असेलही. पण हुकमावर तुमची सही नाही ना." तो आणि मुलगी आमच्याच घरात राहतात. काल मुलीने विचारले, "बाबा, तुम्हाला नक्की खात्री आहे?" महोदय, खात्री नाही. अंदाज आहे. खालचा थर चिवट आहे, सावकाश बोलतो; त्याचे ऐकायला विहीर आणखी आठवडाभर बंद हवी. मी चुकलो तर सिमेंट पुढच्या सोमवारीही ओतता येईल. आपण चुकलात तर ओतलेले सिमेंट परत निघणार नाही, आणि या क्षेत्रावर दुसरी चालू विहीर नाही. मी हात जोडतो, पाया पडतो. एक आठवडा द्या.

४. सिमेंटच्या पंपाची किल्ली आज सकाळपासून जागेवर नाही, अशी तक्रार आपणाकडे येईल. ती मी जावयाच्या खुंटीवरून, त्याला न विचारता घेतली, असे नोंदवावे. तो वेगळे काही सांगेल. त्याचे ऐकू नये. त्याला लहान मूल आहे.

कारवाई एकट्या माझ्यावर व्हावी, ही विनंती.

अजूनही आपलाच नम्र,
उपअभियंता (विहीर-चाचणी)
शनिवार

सोबत :
१. तिन्ही चक्र्यांची मोजमापे
२. डॉक्टरांचा दाखला
(किल्ली जोडलेली नाही.)