बाहेरच्या हवेचा एक किलो

नागापूर, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५

वाफेच्या मीटरचं कोडं सुटलं. चूक माझीच. बॉयलरवरचा काटा बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, मीटरला मात्र तो धरून हवा असतो. महिन्यापूर्वी मीटरमध्ये दाबाचं सेटिंग भरताना मी बाहेरच्या हवेचा तो साधारण एक किलो दाब मिळवलाच नाही. म्हणून मीटर महिनाभर वाफ कमी दाखवत राहिला, आणि त्या वाफेच्या मानाने कोळसा जास्त जाळतात म्हणून बॉयलर चालवणाऱ्या साळवेमामांना शनिवारी मेमो मिळाला.

आज पाच वाजता सेटिंग बदललं. आकडा लगेच वर गेला. तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले, आकडा बघून म्हणाले, "काय साळवे, मेमो लागू पडला म्हणायचा!"

मी तिथेच उभी होते. बोलले नाही. का? सगळ्यांसमोर होतं म्हणून? मेमोही सगळ्यांसमोरच दिला होता.

साहेब गेल्यावर मामा म्हणाले, "म्या तर कालच्यावानीच चालवतोय, ताई. पर तुमचं मशीन काय खोटं बोलत न्हाई. माझाच हात चुकत आसंल इतके दिस."

वीस वर्षांचा हात. आणि माझा एक किलो.

साहेबांसाठी लेखी खुलासा तयार आहे, चार ओळींचा. पण तो नंतर. उद्या तीनला पाळी बदलते, तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं बॉयलरपाशी असतात. मामांना तिथेच सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.